विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर

'आजचे युग हे संगणकाचे युग आहे' हे वाक्य महाविद्यालयीन नियतकालिकांतून इतक्या वेळा छापून झाले आहे की, ते वाचताना आता कोणाची पापणीही हलत नाही. त्याची जागा अलीकडे दुसऱ्या वाक्याने घेतली आहे : 'सगळे आता क्लाऊडवर आहे.' निकाल क्लाऊडवर, फोटो क्लाऊडवर, बँकेचा हिशेब क्लाऊडवर. आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी तर आपला प्रोग्राम क्लाऊडवरच लिहितो आणि क्लाऊडवरच चालवतो. क्लाऊड म्हणजे ढग. जोयडा तालुक्यातील ज्या दिग्गीच्या परिसरात काळी नदी उगम पावते, तेथील माणसाला ढग म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्याचे चार महिने ढग त्याच्या अंगणातच उतरलेला असतो. तेव्हा या नव्या ढगाचीही पारख त्याच्याच नजरेने करून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा क्लाऊड आकाशात नसतो. तो जमिनीवर, सिमेंटच्या अवाढव्य इमारतींत असतो. तेथे हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यांना अखंड वीज लागते आणि ते तापू नयेत म्हणून थंड हवा किंवा पाणी लागते. ॲमेझॉनने २००६ साली आपल्या संगणकांची जागा आणि ताकद भाड्याने द्यायला सुरुवात केली. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यासह तीन ठिकाणी, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईतच अशी केंद्रे उघडली. म्हणजे 'क्लाऊडवर ठेवले' याचा सरळ अर्थ 'दुसऱ्याच्या संगणकावर, भाड्याच्या जागेत ठेवले' असा आहे. हा अर्थ मनात पक्का असला म्हणजे पुढचे पुष्कळ घोटाळे टळतात.

आता या जागेत विद्यार्थी काय करतो ते पाहू. पूर्वी एखादा वेब-प्रोग्राम तयार करून जगापुढे ठेवायचा म्हणजे लग्नघरासारखी तयारी लागे. बऱ्यापैकी ताकदीचा संगणक हवा, त्यावर भाषा आणि डेटाबेस बसवायला हवा. नंतर सर्व्हर हवा, चोवीस तास वीज हवी, इंटरनेटचा कायमचा पत्ता हवा आणि हे सारे सांभाळणारा जाणता माणूस हवा. हेरोकू ही सेवा २००७ साली आणि गुगलचे ॲप इंजिन २००८ साली सुरू झाले, तेव्हापासून ही तयारी हळूहळू दुसऱ्याच्या अंगावर गेली. आज रेप्लिट किंवा गिटहब कोडस्पेसेस यांसारख्या सेवेत ब्राउझर उघडला की लिहिण्याची पाटी समोर येते. दूरच्या केंद्रातील एका यंत्राचा लहानसा हिस्सा तेवढ्यापुरता आपल्या नावे होतो. आपण कोड लिहितो आणि तो त्या यंत्रावर चालतो. एक बटण दाबले की त्याला इंटरनेटवरचा पत्ता मिळतो; मग कारवारहून, बेळगावहून किंवा दुबईहून कोणीही तो उघडून पाहू शकतो.

ही सोय लहान नाही. ज्याच्या घरी संगणक नाही, तो विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अर्धा तास बसून काम करतो, पुढे तालुक्याच्या गावी दुसऱ्या यंत्रावर तेच काम तेथूनच पुढे नेतो आणि अगदीच अडले तर मोबाइलवरून एखादी चूक दुरुस्त करतो. शहरातील मुलाचा महागडा लॅपटॉप आणि खेड्यातील मुलाचे जुने यंत्र यांतला फरक येथे पुष्कळ कमी होतो, कारण खरे काम करणारे यंत्र दोघांचेही तिसरीकडेच असते. म्हणून माझे मत पहिल्यानेच स्पष्ट सांगतो : आपल्या विद्यार्थ्यांनी ही साधने वापरावीत, भरपूर वापरावीत.

यावर काही प्राध्यापक म्हणतील की, हे आयते जेवण झाले; स्वयंपाक न शिकता ताटावर बसल्यासारखे झाले. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. सर्व्हर स्वतः बसवण्याची कटकट गेली म्हणजे शिकण्यासारखे काही उरले नाही, असे मुळीच नाही. फुकटच्या सेवेत बराच वेळ कोणी न फिरकल्यास आपला प्रोग्राम झोपी जातो आणि पहिल्या पाहुण्याला तो जागा होईपर्यंत ताटकळावे लागते. हे का होते? अनेक सेवांत प्रोग्रामने स्वतःच्या डिस्कवर लिहिलेली फाइल यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीशी होते आणि टिकवायची माहिती वेगळ्या डेटाबेसातच ठेवावी लागते. हे का? या प्रश्नांची उत्तरे शोधणारा विद्यार्थी संगणकशास्त्रच शिकत असतो. ज्याला हे प्रश्नच पडत नाहीत, त्याच्यापुढे सर्व्हरची पेटी आणून ठेवली तरी तो काही शिकणार नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मराठीत बिऱ्हाडकरू म्हणतात. घरमालकाने 'जागा खाली करा' म्हटले की त्याला निघावे लागते. क्लाऊडवरचा प्रत्येक विद्यार्थी असाच बिऱ्हाडकरू आहे, आणि बहुधा भाडेही न देणारा! अशा बिऱ्हाडकरूंचे काय होते, याचा इतिहास ताजा आहे. लक्षावधी हौशी लोकांची पाने जिच्यावर होती, ती जिओसिटीज ही सेवा याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. हेरोकूच्या फुकट जागेवर जगभरच्या विद्यार्थ्यांनी आपले पहिले प्रोग्राम मांडले होते. ती सवलत २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. ब्राउझरमध्ये कोड लिहिण्याची सोय देणारी क्लाऊड९ ही सेवा ॲमेझॉनने २०१६ साली विकत घेतली आणि २०२४ च्या जुलैत नव्या ग्राहकांना तिचे दार बंद केले. ग्लिच या लोकप्रिय सेवेने ८ जुलै २०२५ रोजी प्रोग्राम चालवून देणे थांबवले. यांपैकी कोणालाही मी दोष देत नाही. वीज, यंत्रे आणि माणसे यांना पैसा लागतो. दानधर्म म्हणून कोणी कायमचे छप्पर देत नाही. पण आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन चार-पाच वर्षांपूर्वीचे प्रकल्प-अहवाल काढावेत आणि त्यांत छापलेले पत्ते एकेक करून उघडून पाहावेत. त्यांतले किती उघडतात ते प्रत्येकाने स्वतः मोजावे. ज्यावर गुण मिळाले, पाठीवर थाप मिळाली, ते काम आज कोठे आहे?

अशा वेळी आपल्या भाषेतली जुनी म्हण आठवते : विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. फिरत्या, अस्थिर माणसाला उद्देशून आपण ती काहीशा उपहासाने वापरतो. क्लाऊडच्या बाबतीत मात्र हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. जागा दुसऱ्याची असो, बिऱ्हाड मात्र पाठीवर घेऊन निघता आले पाहिजे.

बिऱ्हाड पाठीवर ठेवणे म्हणजे प्रत्यक्षात काय? पहिली गोष्ट, कोडची पूर्ण प्रत त्या सेवेबाहेर असावी : गिटच्या साहाय्याने दुसऱ्या एखाद्या ठिकाणी आणि महाविद्यालयाच्या एखाद्या डिस्कवरही. दुसरी गोष्ट, डेटाबेस असा निवडावा की जो अनेक ठिकाणी मिळतो. पोस्टग्रेसक्यूएलसारखा खुला डेटाबेस येथून उचलून तेथे मांडता येतो; एकाच कंपनीकडे मिळणाऱ्या खास डेटाबेसात गुंतलेला प्रोग्राम तेथेच अडकून बसतो. तिसरी गोष्ट, ठरावीक दिवसांनी सर्व माहिती साध्या फाइलमध्ये उतरवून घ्यावी. आणि चौथी, जिचा सर्वांत जास्त आळस केला जातो : हा प्रोग्राम नव्या जागी कसा उभा करायचा याची टिपणे साध्या भाषेत लिहून ठेवावीत. ज्याने लिहिले तो विद्यार्थी नोकरीनिमित्त बंगळुरूला निघून जातो. टिपण मागे राहते. पार्स नावाची सेवा फेसबुकने २०१३ साली विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये ती बंद करण्याची घोषणा केली, वर्षभराची मुदत दिली आणि तिचा कोडही सर्वांसाठी खुला केला. ज्यांचे सामान बांधता येण्याजोगे होते ते त्या वर्षभरात दुसऱ्या जागी गेले. जे घरमालकाच्याच भिंतीत खिळे ठोकून बसले होते, त्यांची धांदल उडाली.

घरमालक भला असला तरी घराला आग लागू शकते, हेही विसरता येत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे पाच मजली केंद्र जळाले आणि ज्यांची प्रत त्याच आवारात होती त्यांची माहिती कायमची गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी केंद्रात बॅटरीला आग लागली. ७०९ सरकारी सेवा थांबल्या आणि कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा एक प्रचंड साठा, बाहेर प्रत नसल्यामुळे, परत मिळाला नाही. जेथे एका श्रीमंत, यंत्रकुशल देशाचे सरकार चुकले, तेथे आपल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने 'क्लाऊडवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे' असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. प्रत ही दुसऱ्या घरात असेल तरच प्रत. नाहीतर ती त्याच पेटीतली दुसरी वही.

अलीकडे यात आणखी एका नव्या गड्याची भर पडली आहे. अशा सेवांतून आता कृत्रिम बुद्धिमत्तेला साध्या वाक्यांत सांगितले की ती स्वतःच प्रोग्राम लिहिते आणि चालूही करते. गडी कामसू आहे, पण त्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्यात काय? २०२५ च्या जुलैत रेप्लिटवर अशाच एका यांत्रिक मदतनिसाने, 'काही बदलू नकोस' असे बजावले असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यानंतर त्या कंपनीने सरावाचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस वेगळे ठेवण्याची व्यवस्था केली. पूर्वी शाळेत पाटी वेगळी आणि वही वेगळी असे, ती पद्धत काही उगाच नव्हती. गणित पाटीवर चुकावे. वहीत उतरावे ते तपासूनच.

आता दिग्गीकडे वळू, कारण या सर्व चर्चेची खरी कसोटी तेथेच लागते. क्लाऊडवरचा प्रोग्राम कितीही उत्तम असला तरी त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी नेटवर्क लागते. डोंगर, जंगल आणि पाऊस या तिघांनी मिळून सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांत ते कायम बेभरवशाचे ठेवले आहे. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा घाटातील आणि कोकणातील अनेक मुलांना टेकडीवर चढून तास ऐकावा लागला. ही केवळ आपल्याच तालुक्याची कथा नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० गावांत ४जी सेवा पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, यावरून प्रश्न केवढा मोठा आहे हे कळते. मनोरे उभे राहतील, राहावेत. पण मनोरा उभा राहिला तरी वीज जाईल, तार तुटेल, धो धो पाऊस पडेल. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने नेटवर्क 'असते' असे न धरता ते 'अधूनमधून असते' असे धरून चालावे.

याचे तंत्र आपल्या आजीला ठाऊक होते. पावसाळा तोंडावर आला की घरात तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची बेगमी केली जाई, कारण पुढे चार महिने बाजार गाठता येईलच असा भरवसा नसे. वेब-प्रोग्रामलाही अशी बेगमी करता येते. ब्राउझर पाने आणि माहिती मोबाइलमध्येच साठवून ठेवू शकतो. नेटवर्क नसताना भरलेला अर्ज किंवा नोंद तेथेच थांबते आणि माणूस रेंजमध्ये आला की आपोआप पुढे जाते. त्यासाठी नवा मोबाइल लागत नाही, दुकानातून ॲप उतरवावे लागत नाही. लागते ती लिहिणाऱ्याची दृष्टी. शहरातील वातानुकूलित खोलीत बसून लिहिणाऱ्याला या बेगमीची गरज सहसा सुचत नाही. जोयड्याच्या मुलाला ती सुचली पाहिजे. येथे त्याचे खेडवळपण ही उणीव ठरत नाही. तोच त्याचा अनुभव आहे आणि त्याला बाजारात मोल आहे.

वजनाचाही विचार करावा. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत 'दिग्गी' हा शब्द देवनागरीत लिहिला तर १८ बाइट लागतात, रोमन लिपीत ५. कन्नडचाही हिशेब देवनागरीसारखाच. यावरून कोणी 'आपल्या भाषा जड आहेत' असा निष्कर्ष काढील, तर तो चुकीचा ठरेल. हा संपूर्ण लेख सुमारे ४० किलोबाइटमध्ये मावतो. मोबाइलने काढलेला एक फोटो सहज दोन-तीन हजार किलोबाइटचा असतो. जड आहेत ती विनाकारण डकवलेली चित्रे, दुसऱ्याच्या भांडारातून आणलेला अवाढव्य कोड आणि मोबाइलमध्ये मुळातच देवनागरी अक्षरे असताना पुन्हा धाडलेले नक्षीदार टंक. अंतराचीही तीच गोष्ट. कित्येक सेवा आपला प्रोग्राम न विचारता अमेरिकेत ठेवतात. मुंबईहून व्हर्जिनियाला निरोप जाऊन येण्यास सुमारे ०.२ सेकंद लागतो. एका पानासाठी अशा तीस फेऱ्या एकापाठोपाठ झाल्या तर सहा सेकंद गेले, आणि तेही नेटवर्क धड असताना. मुंबईचे केंद्र निवडण्याची सोय असल्यास ते निवडावे. एवढ्या साध्या गोष्टीनेही गावातल्या वापरणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

पण लिहायचे तरी काय? दरवर्षी प्रकल्पाच्या वेळी तेच ते ग्रंथालय-व्यवस्थापन आणि तेच ते हॉटेल-आरक्षण पाहून परीक्षकही कंटाळले असतील. आपल्या तालुक्यात काय कमी विषय आहेत? कुणबी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या मुडलीसारख्या कंदांची जातवार नोंद, कोणती जात कोणत्या मातीत येते आणि कशी शिजवतात यांसह. पावसाळ्यात बदलणाऱ्या बसच्या वेळा. ओढ्यांच्या पाण्याची दररोजची पातळी. गुरांच्या लसीकरणाची आठवण. आणि हे सारे मराठी, कोंकणी आणि कन्नड या भाषांत. ज्या अंकात दोन भाषांचे विभाग शेजारी शेजारी छापले जातात, त्या अंकाच्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कर्नाटकात २००० सालच्या सुमारास 'भूमी' प्रकल्पाने सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या आणि तेव्हापासून शेतकरी खिडकीवर जाऊन छापील पहाणी घेऊ लागला. ते सरकारचे काम होते. सरकारला न दिसणारी लहान लहान कामे आपल्या हातची आहेत. मात्र माणसांची नावे, फोन, आजार अशा गोष्टी गोळा करताना संमती घ्यावी आणि गरजेपुरतेच घ्यावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची ती अपेक्षा आहे, आणि शेजारधर्माचीही.

या प्रश्नाकडे मी एवढ्या गांभीर्याने का पाहतो, तेही सांगतो. काळी नदी आपल्या डोंगरात उगम पावते. तिच्यावर १९८७ मध्ये १०१ मीटर उंचीचे सुपे धरण पूर्ण झाले. जुने सुपे पाण्याखाली गेले, माणसे उठून रामनगरला आणि अन्यत्र गेली. खाली नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा येथे तिच्या पाण्यावर वीज होते, आणि तिच्याच काठी कैग्याला अणुवीज केंद्राचे २२० मेगावॅटचे चार संच आहेत. राज्याला वीज मिळाली हे चांगलेच झाले. पण उगमाकडच्या माणसाच्या वाट्याला मुख्यतः पाणी पुरवणे आणि जागा खाली करणे एवढेच आले. आज माहितीच्या बाबतीत तेच घडू पाहत आहे. आपली माहिती, आपली भाषा, आपले कष्ट येथून वाहत जातात, दूरच्या केंद्रात त्यांची वीज होते आणि आपण केवळ वापरणारे उरतो. धरणाच्या वेळी येथल्या शेतकऱ्याच्या हाती यंत्र नव्हते. या वेळी ते त्याच्या मुलाच्या खिशात आहे. हा फरक आपण वाया घालवायचा काय?

म्हणून महाविद्यालयाने तीन साध्या गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला सांगावे, 'आता नेटवर्क बंद कर आणि दाखव, काय चालते.' मग सांगावे, 'हाच प्रोग्राम तासाभरात दुसऱ्या जागी उभा करून दाखव.' या दोन कसोट्यांना उतरेल त्यालाच पूर्ण गुण द्यावेत. आणि प्रत्येक प्रकल्पाची प्रत, टिपणांसह, ग्रंथालयात छापील अहवालाच्या शेजारी ठेवावी. शक्य झाल्यास महाविद्यालयाच्या नावाचा इंटरनेट-पत्ता वर्षाला थोडे पैसे भरून स्वतःकडे राखावा. बिऱ्हाड बदलले तरी दारावरची पाटी तीच राहील. यातल्या कशालाही मोठे अनुदान लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, क्लाऊडच्या जागेत खुशाल राहा. तेथे लिहा, चुका, पुन्हा लिहा. फुकट मिळते तोवर फुकट वापरा. त्यात लाज नाही. परंतु रोज रात्री झोपण्यापूर्वी एकदा सामानाकडे पाहून घ्या : उद्या सकाळी निघायचे म्हटले तर ते पाठीवर घेता येईल ना? येत असेल, तर घरमालक कोणी का असेना, बिऱ्हाड तुमचेच आहे.